वास नेमका कधी गेला? मसाला करणाऱ्या एका काकूंचं प्रकरण

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. हे प्रकरण काकूंच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, निदान व्हायला जो उशीर झाला त्यात माझा वाटा मोठा होता. तोही इथे लिहिला आहे, कारण माझ्यासारखे बरेच डॉक्टर याच वळणावर चुकत असणार याची मला खात्री आहे.

पार्श्वभूमी

काकूंचा घरगुती मसाल्याचा व्यवसाय. उन्हाळ्यात गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला, दिवाळीला भाजणी. सगळं भाजणं त्या स्वतः करत. धने कधी उतरवायचे, दगडफूल किती परतायचं, खोबऱ्याचा खमंगपणा कुठे संपतो आणि करपट कुठे सुरू होतं, हे त्या नाकावर ठरवत. घड्याळ नाही, वजनकाटा नाही. डंकावर कांडायला देण्याआधी मूठभर भाजलेलं वाण नाकाशी धरायचं, की झालं. तीस वर्षं गिऱ्हाईक टिकलं ते त्या नाकावर.

२०१८ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच माल परत आला. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी मसाला खवट लागतो म्हणून सांगितलं. वापरलेलं खोबरंच खवट होतं आणि काकूंना ते कळलं नव्हतं. त्यांनी दोष दुकानदाराला दिला. त्या वेळी त्यांचं वय छप्पन्न. साखर नाही, रक्तदाबाची एक साधी गोळी. मशेरी, तंबाखू काही नाही. मनानं खंबीर बाई.

ऑगस्ट २०१९ मध्ये त्या सर्दीसाठी माझ्याकडे आल्या. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: ‘नाक चोंदणे, वास कमी.’ मी नाकात मारायचा स्प्रे आणि ॲलर्जीची गोळी दिली. वास कधीपासून कमी आहे, हे विचारलं नाही. सर्दी आठवड्यात गेली. वासाचं काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कोरोनानं घातलेला घोळ

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत घरातल्या सगळ्यांनाच कोरोना झाला. काकूंना सौम्य. त्या दिवसांत ‘वास जाणे’ हे लक्षण गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं. काकू म्हणाल्या, ‘मला वास येत नाही,’ आणि सगळ्यांनी मान डोलावली. मीही. मुलाचा वास तीन आठवड्यांत परतला, सुनेचा दोन महिन्यांत. काकूंचा परतला नाही.

घरात एक गैरसमजही पक्का झाला होता. मिरच्या भाजायला घेतल्या की काकूंना सगळ्यांबरोबर ठसका लागायचा. त्यामुळे काका म्हणायचे, ‘नाक चालतंय हिचं, उगाच धरून बसलीय.’ हा गैरसमज मी नंतर इतर घरांतही ऐकला. मिरचीचा खाट, कापराचा गारवा, कांद्याची झोंब हे सगळं गंधाच्या नसेकडून कळत नाही. चेहऱ्याची स्पर्श-वेदना वाहून नेणारी वेगळी नस आहे, तिचं ते काम. गंधाची नस पूर्ण निकामी झाली तरी मिरचीचा ठसका लागतोच. ठसका लागला म्हणून नाक शाबूत आहे, असं मानता येत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस सुरूच राहिला. काकू ओट्याशी भाजी चिरत उभ्या होत्या. सून बाहेरच्या खोलीतून धावत आली तेव्हा स्वयंपाकघर गॅसनं भरलेलं. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. म्हणजे ही सगळी सुरक्षा माणसाच्या नाकावर उभी आहे. काकूंच्या बाबतीत ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. दुर्बिणीनं नाक तपासलं, सायनसचा सीटी स्कॅन केला. कोंब (पॉलिप) नाही, सूज नाही, वाट मोकळी. कागदावर निदान आलं: ‘कोरोनानंतरचा गंधनाश.’ गंधसराव सांगितला गेला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग या चार वासांचा सकाळ-संध्याकाळ, किमान बारा आठवडे सराव. काकूंनी एक दिवसही चुकवला नाही. फरक पडला नाही.

माझ्या मते इथे दुसरी मोठी संधी हुकली. तज्ज्ञांना २०१९ ची नोंद माहीत नव्हती, कारण मी ती चिठ्ठीत लिहिली नव्हती. आणि माझ्या टेबलावर नोंद असूनही मी जुना केसपेपर उलटून पाहिला नाही.

खांदा, पोट आणि बरण्यांवरच्या चिठ्ठ्या

जून २०२२ पासून उजवा खांदा धरला. ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून शेक, व्यायाम, वेदनाशामक. सप्टेंबरमध्ये पोट जड, भूक नाही, ढेकर येतात अशी तक्रार. त्यासाठी मी पॅन्टोप्रझोल आणि लेवोसल्पिराइड एकत्र असलेली कॅप्सूल लिहून दिली. आपल्याकडे ही कॅप्सूल सर्रास लिहिली जाते आणि पेशंट ती महिनोन् महिने परस्पर आणत राहतात. लेवोसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिनचा, म्हणजे हालचालींना लागणाऱ्या रसायनाचा, मार्ग अडवतं आणि त्यातून कंपवातासारखीच लक्षणं उभी राहू शकतात. हे मला माहीत होतं. पण पंधरा दिवसांनी बंद करा, असं मी ठासून सांगितलं नाही. काकू पाच महिने ती घेत होत्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सूनबाई एकट्या दवाखान्यात आल्या. पिशवीतून मसाल्याच्या बरण्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढून त्यांनी टेबलावर ओळीनं मांडल्या. काकू दरवर्षी बरणीवर मसाल्याचं नाव आणि तारीख हातानं लिहितात. २०१७ ची चिठ्ठी मोठ्या, गोल अक्षरातली. २०२० ची जरा लहान. २०२२ च्या चिठ्ठीवर ‘गोडा’ हा शब्द ठीक, ‘मसाला’ त्याच्या निम्मा आणि तारीख तर भिंगातून वाचावी लागेल अशी. सूनबाई म्हणाल्या, ‘डॉक्टर, आईंचं अक्षर असं का होत चाललंय? आणि आई हसत नाहीत हो हल्ली. रागावल्यात का कळत नाही.’

आठवड्याच्या आत काकूंना बोलावलं. चालताना उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा, हलतच नव्हता. अंगठा आणि तर्जनी पटपट जुळवायला सांगितली तर दहा-बारा वेळांनंतर हालचाल लहान होत होत थांबली. डाव्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगून उजवं मनगट फिरवलं, तर ते अडकत अडकत फिरलं. हात थरथरत मात्र नव्हता. ‘कंप नाही म्हणजे कंपवात नाही’ ही समजूत आजाराच्या नावानंच लोकांच्या मनात रुजवली आहे. डॉक्टरही तिला बळी पडतात. खरं तर कंपवाताच्या निदानाला हालचालींचा मंदपणा अटळ आहे. त्याच्या जोडीला ताठरपणा किंवा स्थिर हाताचा कंप, यांतलं एक असलं तरी पुरतं.

त्या दिवशी मी अखेर विचारलं, ‘काकू, वास नक्की कधीपासून येत नाही?’

‘कोरोनापासूनच की.’

सूनबाई लगेच म्हणाल्या, ‘नाही आई. माझ्या बाळंतपणात तुम्ही म्हणाला होतात. टाळू भरताना.’ नातू जानेवारी २०१९ चा. पहिल्या महिन्यात त्याची टाळू भरताना काकू म्हणाल्या होत्या, ‘बाळाच्या टाळूला वासच नाही गं या. लेकरू वेगळंच आहे.’ घरात सगळे हसले होते. काकू हे ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे वास त्याला होता. मला आला नाही.’

वास केव्हा गेला याची तारीख सहसा कुणालाच सांगता येत नाही. दृष्टी गेली तर दिवस आठवतो. नाक हळूहळू जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून सन विचारण्यात अर्थ नाही, प्रसंग विचारायचे: अमक्याच्या लग्नात मोगऱ्याचा वास आला होता का? त्या पावसाळ्यात मातीचा? बारशाला? काकूंच्या बाबतीत खवट खोबरं २०१८ चं, टाळू २०१९ ची आणि माझा केसपेपर ऑगस्ट २०१९ चा. तिन्ही कोरोनाच्या आधीचे.

मग बाकीचं विचारलं. बद्धकोष्ठ? दहा वर्षांपासून, रोज रात्री त्रिफळा. झोप? काका म्हणाले, ‘चार वर्षं झाली, मी दिवाणावर झोपतो. ही झोपेत ओरडते, हात उगारते. एकदा माझ्या डोळ्याला लागलं.’ स्वप्न पडत असताना आपले हातपाय शिथिल राहावेत अशी मेंदूत सोय असते. ती सोय बिघडली की माणूस स्वप्न अंगानं जगायला लागतो. काकांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको झोपेत मारते, हे डॉक्टरला काय सांगायचं?

हे सगळं एकत्र का येतं

अल्फा-सायन्यूक्लीन नावाचं प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मज्जापेशींत असतं. कंपवातात ते चुकीची घडी घेतं आणि पेशींत त्याचे गोळे साचतात. फ्रेडरिक लेवी यांनी असे गोळे १९१२ मध्ये पाहिले होते. ते मुख्यतः याच प्रथिनाचे असतात, हे १९९७ मध्ये कळलं. हायको ब्राक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शवविच्छेदनांवरून आजाराच्या प्रवासाचा नकाशा मांडला. त्यात पहिली ठाणी दोन: नाकाच्या वर मेंदूच्या तळाशी असलेला गंधकंद आणि आतड्याकडे जाणाऱ्या व्हेगस नसेचं मूळ. पुढची पायरी मेंदूच्या देठातली. स्वप्नात अंग शिथिल ठेवणारी केंद्रं याच देठात आहेत. हालचालींचं डोपामिन तयार करणारा भाग त्याच्याही नंतर येतो. प्रत्येक रुग्ण या नकाशाप्रमाणे चालत नाही, हे खरं. काकूंचं नाक, पोट, झोप आणि मग हात मात्र याच वाटेनं गेले.

कंपवाताच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये, सुमारे नव्वद टक्क्यांमध्ये, वासाची क्षमता घटलेली सापडते. या आजाराला ज्यांचं नाव मिळालं त्या जेम्स पार्किन्सन यांच्या १८१७ च्या निबंधात वासाचा उल्लेख नाही. आज आंतरराष्ट्रीय निदान-निकषांत गंधनाश हा निदानाला बळ देणारा मुद्दा म्हणून नोंदलेला आहे.

कोणते पर्याय होते

मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून सांगितलं की हा कंपवात असण्याची शक्यता दाट आहे. अडचण माझ्या कॅप्सूलची होती. लक्षणं औषधामुळे असतील तर औषध थांबवून वाट पाहायची, खरा कंपवात असेल तर उपचार सुरू करायचे. समोर चार वाटा होत्या.

पहिली, कॅप्सूल बंद करून सहा महिने थांबणं. खर्च नाही, पण काकूंचा उजवा हात त्या काळात आणखी अडणार. दुसरी, मेंदूतल्या डोपामिनची उणीव भरून काढणारं औषध, लेव्होडोपा, लगेच देऊन पाहणं. तिसरी, ट्रोडॅट स्कॅन. मेंदूत डोपामिन वाहून परत नेणारे कण किती उरले आहेत, हे त्यात दिसतं. केवळ औषधानं झालेल्या त्रासात हा स्कॅन सहसा ठीक येतो, खऱ्या कंपवातात कमतरता दिसते. निदान स्पष्ट असेल तर या स्कॅनची गरज नसते, हे तज्ज्ञांनी आधीच सांगितलं. इथे मात्र प्रश्न नेमका तोच होता ज्याचं उत्तर हा स्कॅन देतो.

चौथी वाट मुलानं आणली. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्यानं बातमी वाचली की पाठीच्या कण्यातल्या पाण्यावरून कंपवात ओळखणारी चाचणी निघाली आहे. ‘डॉक्टर, पाणी काढून परदेशी पाठवू. खर्चाचं बघू नका.’

त्या चाचणीचं तत्त्व मी त्याला विरजणाच्या उदाहरणानं सांगितलं. वाटीभर दुधात थेंबभर विरजण पडलं की सगळं दूध दही होतं. तसंच निरोगी अल्फा-सायन्यूक्लीनच्या द्रावणात रुग्णाच्या कण्यातलं पाणी घालतात. त्यात चुकीच्या घडीचं प्रथिन कणभर जरी असलं तरी ते बाकीच्यालाही आपल्या घडीत ओढतं आणि ती वाढ यंत्रावर दिसते. पीपीएमआय या मोठ्या अभ्यासात १,१२३ जणांवर ही चाचणी झाली. कंपवाताच्या रुग्णांपैकी ८७.७ टक्क्यांत ती होकारार्थी आली, निरोगी लोकांपैकी ९६.३ टक्क्यांत नकारार्थी. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो पुढचा आकडा. ज्यांचा कंपवात आनुवंशिक नव्हता आणि वासही गेला होता, त्यांच्यात चाचणी ९८.६ टक्के होकारार्थी होती. वास शाबूत होता त्यांच्यात ७८.३ टक्के. एलआरआरके-२ या जनुकातल्या दोषानं कंपवात झालेल्या आणि वास चांगला असलेल्या रुग्णांत तर ती जेमतेम एक तृतीयांशांत होकारार्थी आली. म्हणजे ज्याला आपण कंपवात हे एकच नाव देतो, त्याखाली निदान दोन जातीचे आजार असावेत आणि त्यांच्यातला फरक नाक सांगतं.

पण काकूंसाठी त्या चाचणीनं काय बदललं असतं? होकारार्थी आली असती तर लेव्होडोपाच द्यायचा होता. नकारार्थी आली असती तरी हात अडतो म्हणून लेव्होडोपा देऊन पाहायचाच होता. आजाराची गती रोखणारं सिद्ध औषध आज नाही. संशोधनासाठी ही चाचणी अनमोल आहे, कारण ज्या लोकांवर नवं औषध आजमावायचं त्यांच्यात तो आजार खरंच आहे का, हे तिनं आधी कळतं. काकूंच्या पाठीत सुई घालायला हे कारण पुरेसं नव्हतं. मुलगा नाराज झाला. दोनदा बोलल्यावर त्याला पटलं, निदान त्यानं तसं सांगितलं.

त्वचेच्या लहान तुकड्यातून हेच प्रथिन शोधता येतं. २०२४ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात कंपवाताच्या ९२.७ टक्के रुग्णांत ते सापडलं. पण पार्किन्सनच्या वळणाच्या इतर काही आजारांतही ते तितकंच सापडतं, त्यामुळे कुठला आजार हे तेवढ्यावरून ठरत नाही. आणि आमचा निर्णय त्याच्या आधीच झालेला होता.

काय केलं

कॅप्सूल त्याच दिवशी बंद केली. एमआरआय वयाला साजेसा आला. आठ आठवडे थांबून पुन्हा तपासलं, सुधारणा नव्हती.

वासाचीही एकदा नीट परीक्षा घ्यावी असं मला वाटलं. जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातली, चाळीस वासांची. खरवडायचं, हुंगायचं आणि चारांतलं एक उत्तर निवडायचं. त्यात रूट बीअर आणि डिल पिकल यांचे वास आहेत. आमच्या तालुक्यात ते ओळखता आले नाहीत म्हणून कुणाचं नाक बिघडलं, असं म्हणणं अन्याय होईल. वास ओळखणं म्हणजे हुंगणं आणि आठवणं दोन्ही, आणि आठवण आपापल्या स्वयंपाकघरातली असते. दिल्लीत भारतीय वासांची चाचणी तयार करून कंपवाताच्या रुग्णांवर वापरलेली आहे. तोच धागा धरून मी दहा डब्या भरल्या: हिंग, लवंग, वेलची, कॉफी, लसूण, खोबरेल, लिंबाची साल, बडीशेप, उदबत्ती, कापूर. डोळे मिटलेले, प्रत्येक डबीला चार पर्याय. नुसतं अंदाजानं सांगितलं तरी दहात दोन-तीन बरोबर येतात. काकूंचे दोन आले. त्यातला एक कापूर, आणि तोही त्यांनी ‘नाकाला गार लागलं’ म्हणून ओळखला. तीस वर्षं मसाला केलेल्या बाईला हिंग कळला नाही. ही घरगुती परीक्षा निदानाची मोजपट्टी होऊ शकत नाही, पण तिच्यानंतर घरात कुणी ‘उगाच धरून बसलीय’ म्हणालं नाही.

ट्रोडॅट मे २०२३ मध्ये झाला. दोन्ही बाजूंना कमतरता, डावीकडे जास्त. डावा मेंदू उजवा हात चालवतो, म्हणजे चित्र जुळलं. जूनमध्ये लेव्होडोपा-कार्बिडोपा अर्ध्या गोळीपासून सुरू करून हळूहळू वाढवली. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. मळमळीसाठी डोम्पेरिडोन. उलटीची दुसरी परिचित गोळी, मेटोक्लोप्रमाइड, लेवोसल्पिराइडसारखीच मेंदूतलं डोपामिन अडवते म्हणून कुणीही द्यायची नाही, हे केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं. शेजारच्या बाईंनी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं होतं. त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतो. त्यामुळेच गोळीच्या जोडीला मोजमापाशिवाय तो घेणं धोक्याचं, असं सांगून थांबवलं. झोपेसाठी मेलाटोनिन, पलंगाच्या कडेला गाद्या, उशाचा स्टूल बाजूला. बद्धकोष्ठासाठी इसबगोल आणि पाणी. रोज घाम येईपर्यंत चालणं.

औषध सुरू करण्याआधी एक गोष्ट मी काकूंना स्पष्ट सांगितली: हात सुटेल, वास परत येणार नाही. लेव्होडोपानं गंध सुधारत नाही. रुग्णांच्या गंधकंदात डोपामिन करणाऱ्या पेशी कमी होण्याऐवजी जास्तच आढळल्या आहेत, तेव्हा तिथला बिघाड डोपामिन पुरवून भरून निघणारा नसावा. काकूंनी विचारलं, ‘मग मसाला?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरात गॅसगळतीचा भोंगा बसवला. दूध तापवायला इंडक्शन. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख, कारण आंबलेली आमटी नाकाला कळणार नाही आणि ती फेकायला काकूंचा जीव धजत नाही. ही तारीख सूनबाई लिहितात.

काय झालं

सहा आठवड्यांत उजवा हात चालताना हलायला लागला. ज्या खांद्याला वर्षभर शेक दिला, तो सैल झाला; खांद्याचं दुखणंही याच ताठरपणातून आलं होतं. चेहऱ्यावर हसू दिसलं. अक्षर मोठं झालं, पूर्वीइतकं नाही. काका पुन्हा पलंगावर झोपतात, मध्ये लोड ठेवून. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाबद्दल मुलानं त्यांना सांगितलं आणि काकांनी आपणहून चौकशी केली, याचं मला विशेष वाटलं.

वास परत आला नाही. मसाल्याचं उत्तर काकूंनीच काढलं. तीळ तडतडण्याच्या आवाजावर, धने रंगावर, खोबरं हाताला लागणाऱ्या तेलावर आणि दगडफूल घड्याळ लावून. शेवटचा निर्णय सूनबाईंच्या नाकाचा. २०२४ च्या उन्हाळ्यात दोघींनी निम्माच माल केला. एकही बरणी परत आली नाही.

आज वेगळं काय करीन

पहिलं, वास गेल्याची तक्रार आली की प्रसंग विचारून काळ ठरवीन आणि तो तज्ज्ञांच्या चिठ्ठीत लिहीन. दुसरं, पन्नाशीच्या पुढे वास गेला असेल आणि नाक स्वच्छ असेल तर झोप आणि पोट यांबद्दल विचारीन, आणि झोपेचं उत्तर जोडीदाराकडून घेईन. तिसरं, लेवोसल्पिराइड लिहिताना किती दिवस, हे लिहीन. मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

२०१९ मध्ये मी सगळं बरोबर केलं असतं, तर काकूंना तेव्हाच ‘तुम्हाला कंपवात होऊ शकतो’ असं सांगायला हवं होतं का? यावर मी बराच विचार केला. आजाराआधीच्या अवस्थेसाठी जे संशोधन-निकष आहेत त्यांत साठ ते चौसष्ट वयाच्या माणसात ही अवस्था असण्याची शक्यता १.२५ टक्के धरतात. गंधनाश चाचणीत दिसला तर पारडं सुमारे ६.४ पटीनं झुकतं, म्हणजे शक्यता शंभरात सात-आठ. उरलेल्या नव्वदांहून अधिक जणांचं नाक वयानं, विषाणूनं किंवा डोक्याला लागलेल्या मारानं गेलेलं असतं. झोपेच्या प्रयोगशाळेत स्वप्नातल्या हालचाली सिद्ध झाल्या तर मात्र हाच गुणक १३० होतो आणि चित्र पालटतं. केवळ वासावरून मी काकूंना काही सांगितलं नसतं. वास, झोप आणि पोट तिन्ही माहीत असती तर लगेच मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, आणि तिथे त्यांना आधी विचारलं असतं की तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे. गॅसचा भोंगा मात्र कोणत्याही निदानाची वाट न पाहता त्याच आठवड्यात बसायला हवा होता. काकांच्या डोळ्याला लागलं, खांद्याला वर्षभर चुकीचे उपचार झाले, यातलं काहीतरी टळलं असतं.

हा प्रश्न गेल्या वर्षी पुन्हा दारात आला. काकूंचा धाकटा भाऊ, चोपन्न वर्षांचा, मुंबईहून आला आणि म्हणाला, ‘डॉक्टर, मलाही वास येत नाही. ताईसारखा माझाही तो मेंदूचा स्कॅन करा.’ तो इतका घाबरलेला होता की रात्री झोपत नव्हता. मी प्रसंग विचारले. वास तीन वर्षांपासून येत-जात होता, नाक सतत बंद असायचं, शिंका यायच्या. झोप शांत, असं बायकोनं सांगितलं. पोट साफ. हात मोकळे. स्कॅन न करता आधी नाकाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. दोन्ही नाकपुड्यांत कोंब निघाले. उपचारानंतर दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. लोकलमधून उतरताना त्याला मासळीबाजाराचा वास आला होता.